चार्जशीट टाइप करण्याआधी त्याला तब्येत विचारा

प्रति,
पुणे, पिंपरी-चिंचवड, चाकण, तळेगाव आणि रांजणगाव पट्ट्यातल्या कारखान्यांचे व कंपन्यांचे एचआर प्रमुख, प्लांट हेड आणि डोमेस्टिक एन्क्वायरीसाठी (कंपनीच्या अंतर्गत चौकशीसाठी) नेमले जाणारे चौकशी अधिकारी यांस,

विषय : आजारामुळे किंवा औषधांमुळे काम घसरलेल्या कामगारांवर होणारी शिस्तभंगाची कारवाई.

सप्रेम नमस्कार.

तुमच्यापैकी बरेच जण मला तोंडओळखीने ओळखतात. एन्क्वायरीच्या टेबलावर कामगाराच्या शेजारी बसणारा बचाव प्रतिनिधी मी. चोरी, मारामारी, दुसऱ्याचं कार्ड पंच करणं अशा केसेस मी लढलोय, आणि त्यातल्या काहींत झालेली शिक्षा योग्यच होती असं आजही मानतो. आज लिहितोय ते वेगळ्या माणसांसाठी. डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी घेऊन कामावर येणारी, आणि त्या गोळीपायी किंवा तिच्यामागच्या आजारापायी काम बिघडलं म्हणून हातात चार्जशीट पडलेली ही माणसं आहेत.

माझी मागणी आधीच सांगून टाकतो. ज्याचं रेकॉर्ड वर्षानुवर्षं स्वच्छ आहे त्याचं काम अचानक घसरलं, तर शो कॉज नोटीस निघायच्या आधी त्याला तब्येतीबद्दल विचारा. विचारलेलं कागदावर येऊ द्या. आणि उत्तरात आजार निघाला, तर ते प्रकरण एचआरच्या शिस्तभंगाच्या फायलीतून काढून डॉक्टरांच्या टेबलावर पाठवा.

आता एक केस सांगतो. त्या कामगाराच्या संमतीने सांगतोय, नाव आणि कंपनी दोन्ही वगळून.

चाकणच्या एका कारखान्यातला सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या कटिंग मशीनचा) ऑपरेटर. पोरसवदा असताना कामाला लागलेला, हात बसलेला. मशीनच्या आवाजावरून इन्सर्ट, म्हणजे धातू कापणारं पातं, गेलाय हे ओळखणारा. त्याला एक दिवस घरी फिट आली, मग दुसरी आली. न्यूरॉलॉजिस्टनी सोडियम व्हॅल्प्रोएट सुरू केलं आणि पुढे डोस वाढवला. फिट थांबल्या. पण या औषधाने काही जणांच्या हाताला कंप सुटतो, आणि गुंगीही येते. त्याला दोन्ही झालं. मायक्रोमीटर धरला की रीडिंग हलायचं. मशीनमध्ये ऑफसेट (मापाची दुरुस्ती) टाकताना एक आकडा इकडचा तिकडे झाला आणि अख्खी ट्रे रिजेक्शनला गेली. थर्ड शिफ्टला पहाटे मशीनशेजारच्या स्टुलावर त्याचा डोळा लागला, आणि सुपरवायझरने मोबाईलवर फोटो काढला. तोच फोटो पुढे एन्क्वायरीत पुरावा म्हणून आला.

चार्जशीटमध्ये तीन आरोप होते : कामावर झोपणे, कामात वारंवार निष्काळजीपणा, कंपनीच्या मालाचं नुकसान. फिटबद्दल त्याने कंपनीत कुणालाच सांगितलं नव्हतं. का, ते पुढे येतं.

सुपरवायझरची उलटतपासणी मी घेतली. या आधी त्याचं काम कसं होतं? चांगलं होतं. रिजेक्शन? कमी. त्याला कधी मेमो दिला होता? नाही, उलट कायझेनचं (कामात सुधारणा सुचवल्याचं) बक्षीस मिळालं होतं. मग असा माणूस अचानक बिघडला कसा, हे तुम्ही त्याला विचारलंत? नाही. का नाही? ते माझ्या कामात येत नाही. हे सगळं त्या कार्यवृत्तात लिहिलेलं आहे, खाली सह्यांसकट.

सह्यांवरून सांगतो. कार्यवृत्ताच्या प्रत्येक पानावर कामगाराची सही घ्यावी लागते. त्याचा हात टेबलावर टेकलेला असला की शांत असायचा, पेन उचललं की थरथर सुरू. पहिल्या पानावरची सही आणि त्याच्या नेमणूक पत्रावरची सही शेजारी ठेवली असती तर कुणालाही फरक कळला असता. चौकशी अधिकाऱ्यांना हाताचा कंप दिसला होता. ते म्हणाले, "सही नीट करा, नंतर तुम्हीच नाकाराल." त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, त्यांना कागद पक्का हवा होता. पण ज्या थरथरीवरून चार्जशीट निघाली ती समोर टेबलावर घडत होती, आणि खोलीतल्या एकाही माणसाला तिची नोंद घ्यावीशी वाटली नाही.

शेवटी दोन वेतनवाढी रोखल्या. मधल्या काळात तो सस्पेंड होता. निलंबन भत्ता पहिले ९० दिवस पगाराच्या ५० टक्के, चौकशी लांबली तर पुढे ७५ टक्के, हे तुम्हाला पाठ आहे. ज्याच्या घरी नुकताच एमआरआय, ईईजी आणि कायमच्या गोळ्यांचा खर्च उभा राहिलाय, त्याच्या हातात नेमका अर्धा पगार येतो. पुढे डॉक्टरांनी औषधात बदल केला, कंप बराच कमी झाला. युनियनने भांडून त्याला फर्स्ट शिफ्टला टूल क्रिबमध्ये (हत्यारांच्या स्टोअरमध्ये) घेतलं. आजही तो तिथेच आहे आणि टूल क्रिबचा हिशेब चोख ठेवतो. हीच बदली चार्जशीटच्या आधी एका फोनवर होण्यासारखी होती.

ही केस अपवाद असती तर मी पत्र लिहिलं नसतं. वायरिंग हार्नेसच्या लाइनवरच्या एका बाईंना वारंवार जागा सोडल्याबद्दल मेमो मिळाला होता. बीपीसाठी त्यांना लघवी जास्त होण्याची गोळी सुरू झाली होती. ती त्या सकाळी सहाला घ्यायच्या आणि सातच्या शिफ्टला लाइनवर उभ्या राहायच्या. सांगायचं कुणाला, तर लाइन लीडर पंचविशीतला मुलगा. डॉक्टरांना विचारून गोळीची वेळ बदलली आणि प्रश्न सुटला. मेमो मात्र फायलीत तसाच आहे, आणि पुढच्या वेळी तो "पूर्वीचं रेकॉर्ड" म्हणून वाचला जाईल.

तुम्ही वैद्यकीय शिक्षण घेतलेलं नाही, मीही नाही. पण काही गोष्टी आता आपल्या सर्वांना माहीत असायला हव्यात. डिप्रेशनच्या बऱ्याच गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि त्रास मात्र पहिल्या दिवसापासून होऊ शकतो. म्हणजे माणूस उपचार घ्यायला लागतो नेमकं तेव्हाच त्याचं काम आणखी घसरलेलं दिसतं. स्टेरॉइडने झोप उडते आणि चिडचिड वाढते. मग "वरिष्ठांशी उर्मट वर्तन" हा आरोप तयार. लिथियमने हात कापतात. टोपिरामेट घेणाऱ्याला बोलताना साधा शब्द आठवत नाही. सर्दीच्या काही साध्या गोळ्यासुद्धा गुंगी आणतात. आणि इन्शुलिन घेणाऱ्या माणसाचं जेवण लांबलं, कॅन्टीनची बॅच उशिरा सुटली, तर साखर उतरते. तो घामाने डबडबतो, पाय लटपटतात, बोलणं बरळल्यासारखं होतं. लांबून बघणाऱ्याला तो पिऊन आलाय असंच वाटतं. अशा माणसाला सिक्युरिटी केबिनमध्ये बसवून ठेवणं जिवावर बेतू शकतं. शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर त्याला आधी साखर द्या, ओएचसीला (कंपनीतल्या दवाखान्याला) कळवा. तोंडाचा वास नंतर घ्या.

कायद्याकडे येतो, कारण तुमच्याकडचं पहिलं उत्तर असतं की आम्ही सगळं कायद्याने करतो.

१९४८ च्या कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) कायद्याच्या कलम ७३ ने मालकाला बजावलं होतं की कामगार आजारपणाचा लाभ घेत असताना किंवा रीतसर सर्टिफिकेटवर आजारी असताना त्याला काढायचं नाही, शिक्षा करायची नाही. स्वातंत्र्यानंतर वर्षभरात या देशाने हे लिहून ठेवलं. ईएसआयमध्ये वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार मिळतो, ठरावीक मोठ्या आजारांत त्याहून लांब काळ ८० टक्के मिळतो. चांगली योजना आहे, मी स्वतः लोकांचे फॉर्म घेऊन चिंचवडच्या मोहननगरच्या आणि बिबवेवाडीच्या ईएसआय हॉस्पिटलांत चकरा मारल्यात.

पण हे सगळं घरी अंथरुणावर असलेल्या माणसासाठी आहे. जो थोडा सावरला, दोन पैसे मिळतील आणि नोकरी टिकेल म्हणून गोळ्या खिशात घालून गेटवर आला, त्याच्यासाठी काय? डॉक्टरांनी सर्टिफिकेटवर "फिट" लिहिलं त्या क्षणी कंपनी त्याला शंभर टक्के धडधाकट धरते आणि पहिल्याच दिवशी पूर्ण टार्गेट मागते. घरी पडून राहिलेल्याला संरक्षण आणि कामावर आलेल्याला चार्जशीट, असा हा उलटा न्याय आहे. कामाची ओढ असलेलाच माणूस यात सापडतो. शिवाय २१,००० रुपयांच्या वर पगार गेला की ईएसआयचं छत्रही डोक्यावर राहत नाही. आयटीतली जवळजवळ सगळी मुलं त्या रेषेच्या बाहेर आहेत.

दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे. त्याच्या यादीत २१ प्रकार आहेत. मानसिक आजार आहे, पार्किन्सन्स, मल्टिपल स्क्लेरोसिस, सिकलसेल आहेत. फिट येण्याचा आजार त्या यादीत नाही, मधुमेह नाही. नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं तर काढता येणार नाही, पद खाली आणता येणार नाही, ही कलम २० ची स्पष्ट हमी सरकारी आस्थापनांपुरती आहे. खासगी कंपन्यांकडून त्या कायद्याने समान संधीचं धोरण जाहीर करण्याची अपेक्षा ठेवली आहे. तुमच्या कंपनीचं ते धोरण कुठल्या नोटीस बोर्डवर लागलंय, एवढं उद्या जाऊन पाहा.

आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. औद्योगिक संबंध संहितेत स्थायी आदेशांचं (नोकरीच्या आणि शिस्तीच्या लेखी नियमांचं) बंधन ३०० किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या आस्थापनांनाच आहे. भोसरी एमआयडीसीतले किती शेड या आकड्याच्या आसपास तरी जातात? म्हणून यापुढे बऱ्याच ठिकाणी एखाद्याचं भलंबुरं लेखी नियमापेक्षा तुमच्या समजुतीवर जास्त ठरणार आहे. हे पत्र मी लेबर कमिशनरना न लिहिता तुम्हाला लिहितोय, ते त्यासाठीच.

तुमची हरकत मला ठाऊक आहे, आणि ती रास्त आहे. फिट येणारा माणूस पॉवर प्रेसवर उभा करायचा का? गुंगीची गोळी घेतलेल्याच्या हातात फोर्कलिफ्ट द्यायची का? मुळीच नाही. बोटं तुटलेली मी पाहिली आहेत, त्यामुळे सेफ्टीवर मी कधीच सवलत मागितलेली नाही आणि आजही मागत नाही.

पण चार्जशीटने सेफ्टी वाढते असं तुम्ही समजत असाल तर शॉपवर, म्हणजे कारखान्यात मशीनच्या जागी, काय चालतं ते ऐका. कामावर झोपला म्हणून एकाला नोटीस लागली की बाकीचे गोळी घेणारे काय शिकतात? थर्ड शिफ्टच्या आधी गोळी चुकवायची. डोळा लागायला नको, नोटीस लागायला नको. फिटची गोळी चुकवणं आणि वर रात्रीचं जागरण, या दोन्हींनी फिट यायची शक्यता वाढते हे कुठलाही न्यूरॉलॉजिस्ट सांगेल. मग तो माणूस पूर्ण जागा, पूर्ण टार्गेट देत, चालू मशीनसमोर उभा असतो आणि कोणत्याही क्षणी कोसळू शकतो. तुमच्या कागदावर तो शिस्तीचा कामगार असतो.

सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०२१ ला रवींदर कुमार धारीवाल विरुद्ध भारत सरकार या खटल्यात जो निकाल दिला, तो प्रत्येक चौकशी अधिकाऱ्याने वाचावा. सीआरपीएफमधला अधिकारी, ओसीडी (तेच तेच विचार आणि कृती थांबवता न येण्याचा मानसिक आजार) आणि डिप्रेशनचा रुग्ण. त्याच्या वागण्यावरून चौकशा लागल्या. न्यायालयाचं म्हणणं असं की मानसिक आजाराच्या माणसाला कामाच्या ठिकाणचे नियम पाळणं इतरांपेक्षा अवघड जातं, त्यामुळे शिस्तभंगाच्या कारवाईत तो इतरांपेक्षा जास्त सापडतो, आणि हा अप्रत्यक्ष भेदभाव आहे. गैरवर्तनाच्या कारणांपैकी आजार हे एक कारण असलं तरी पुरे, तेच एकमेव कारण असायची गरज नाही. आणि त्याच निकालात हेही आलं की त्याला दुसरं काम देताना पगार राखा, पण बंदुका हाताळायचं काम देऊ नका. सुरक्षितता आणि पगार दोन्ही एकाच आदेशात सांभाळले. निमलष्करी दलाला जे शक्य आहे ते ऑटो पार्ट्स बनवणाऱ्या कंपनीला का शक्य नसावं? निकाल दिव्यांग कायद्याखालचा आहे आणि सरकारी नोकरीतला आहे, हे मला माहीत आहे. त्यामागचा विचार मात्र तुमच्या गेटवर अडत नाही.

लोक सांगत का नाहीत, हा तुमचा दुसरा प्रश्न. "आधी सांगितलं असतं तर आम्ही काहीतरी केलं असतं," हे वाक्य मी इतक्या एचआर मॅनेजरांच्या तोंडून ऐकलंय की त्यांच्याआधी मीच ते पुरं करू शकेन. साहेब, ज्याने सांगितलं त्याचं काय झालं हे सगळ्या शॉपने पाहिलेलं असतं. त्याचा ओव्हरटाइम बंद झाला. बढतीच्या यादीतून नाव गेलं. त्याच्या आजाराचं नाव एचआरच्या केबिनमधून निघून संध्याकाळपर्यंत कंपनीच्या बसमध्ये पोचलं. फिट आणि मानसिक आजाराबाबत तर थेट मुलीच्या लग्नापर्यंत गोष्ट जाते. अशा ठिकाणी कोण तोंड उघडेल? आणि पुढे लपवल्याबद्दल पुन्हा वेगळा आरोप, "महत्त्वाची माहिती दडवली."

हिंजवडी आणि खराडीतल्या कंपन्यांत चार्जशीट नसते, तिथे पीआयपी असतो. कामगिरी सुधारायची योजना म्हणे. कीमोथेरपी नुकतीच संपलेल्या मुलीला बाकीच्यांइतकीच तिकिटं (ग्राहकांच्या तक्रारी) बंद करायची अट घालून तीन महिन्यांनी "तुम्हीच राजीनामा द्या, रिलीव्हिंग लेटर स्वच्छ देऊ" म्हणायचं. तिला बचाव प्रतिनिधी नाही, कार्यवृत्त नाही, अपीलही नाही. ठेकेदाराच्या कामगाराला एवढंही मिळत नाही. त्याचा गेट पास सकाळी चालत नाही, बस्स. त्याच्या बाबतीत आरोप काय होता हेही कुठे लिहिलेलं नसतं, म्हणून मला लढायलाही काही हाताशी नसतं. या दोघांना वगळून नियम करणार असाल तर अर्धंच काम कराल.

काय करायचं ते सांगतो, यात खर्चाचं फारसं काही नाही. फिटनेस सर्टिफिकेटवर आज दोनच रकाने असतात, फिट आणि अनफिट. तिसरा घाला : या अटींवर फिट. डॉक्टरांनी त्याखाली एवढंच लिहावं की रात्रपाळी चालेल का, उंचीवर, चालू मशीनवर, गाडीवर चालेल का, किती आठवड्यांसाठी, आणि पुन्हा तपासणी कधी. आजाराचं नाव लिहायची गरज नाही. सुपरवायझरला ते कळायची तर अजिबातच नाही. त्याला एवढं कळलं की पुरे की हा महिनाभर लाइट ड्यूटीवर आहे. लाइट ड्यूटी हा प्रकार तुमच्याकडे नवा नाही, कारखान्यात हाताला टाके पडलेल्या माणसाला तुम्ही ती देता. मग औषधाने हात कापणाऱ्याला द्यायला काय हरकत आहे? मूळ पगार आणि सर्व्हिस तोडू नका, हलकं काम दिलं म्हणून ग्रेड उतरवू नका. ओपीडी सकाळची असते आणि फर्स्ट शिफ्ट सातची, तेव्हा तपासणीच्या दिवशी शिफ्ट बदलून द्या. ती गैरहजेरी खाडा म्हणून लागू नये.

आणि मुदत ठेवा. औषध बसायला वेळ लागतो, डोस ठरायला दोन-तीन फेऱ्या लागतात. मुदत संपल्यावरही जमत नसेल तर पुन्हा डॉक्टरांसमोर बसू, दुसरं काम शोधू. काहीच शक्य नसेल तर सन्मानाने, देणी चुकती करून निरोप देऊ. तोही मार्ग असतो, मी तो नाकारत नाही. तीस वर्षं प्रामाणिकपणे काम केलेल्या माणसाच्या शेवटच्या कागदावर "निष्काळजीपणा" लिहून त्याला गेटबाहेर काढणं मला कधीच मान्य होणार नाही.

चौकशी अधिकाऱ्यांना वेगळं सांगतो. तुमच्यातले बरेच जण वकील आहात, ठरावीक फी घेऊन येता, आरोप सिद्ध झाला की नाही एवढंच पाहता. आरोप सिद्ध होणं सोपं असतं, रिजेक्शन झालेलंच असतं, फोटो असतोच. तुम्ही पहिल्याच तारखेला कार्यवृत्तात एक प्रश्न घाला : आरोपाच्या काळात तुमच्यावर काही उपचार चालू होते का? उत्तर "हो" आलं तर चौकशी तिथेच थांबवून वैद्यकीय अहवाल मागवा. यासाठी तुम्हाला कुणाची परवानगी लागत नाही.

कुणी आजाराचं खोटं सोंग करणार नाही का? करतील काही जण. त्यांच्यासाठी ओएचसीचे डॉक्टर आहेत, त्यांना ते तपासू द्या. पण त्या चार जणांच्या धास्तीने खऱ्या आजाऱ्याला आरोपीच्या खुर्चीत बसवू नका.

आज तुमच्या कपाटात काही चार्जशीट अर्धवट चौकशीत पडून असतील. त्यातल्या ज्यांचं आधीचं रेकॉर्ड स्वच्छ आहे तेवढ्या वेगळ्या काढा, आणि पुढची तारीख लावण्याआधी त्या कामगारांना बोलावून वरचा प्रश्न विचारा. माझ्या हातात सध्या अशा ज्या केसेस आहेत, त्यांत कामगारांच्या संमतीने डॉक्टरांची कागदपत्रं घेऊन मी त्या-त्या एचआरकडे यायला तयार आहे. एन्क्वायरीच्या तारखेची वाट पाहायची गरज नाही, चहाच्या सुट्टीतही येईन.

आपला,
एक बचाव प्रतिनिधी
भोसरी, पुणे